चौथा झोन

जुळे सोलापुरात, टाकीच्या मागच्या गल्लीत,
शिवलीलाबाई हत्तरकींच्या अंगणात
मी पाच नोझल, एक कंट्रोलर बसवला
त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता.
पान्याला हात लावला की पानाच हात धरायचा.

पैसे डॅलसहून आले. लॉनही तिथूनच ठरलं,
मुरमावर सहा इंच काळी माती टाकून मेक्सिकन गवत.
मुलगा व्हिडिओत सांगत होता,
'येमूल, हे आपोआप चालतं. वारा बघतं, ढग बघतं,
मातीत काटा खुपसला की ओल मोजतं.
आईला काही करायला नको.'
बाई आत भाकरी थापत होत्या.
थापण्याचा आवाज थांबला तेव्हा कळलं, ऐकताहेत.

यंत्रानं मला सगळं विचारलं.
उतार आहे का? नाही.
सावली किती? एका कडुलिंबाएवढी.
फक्त नळ कितव्या दिवशी येतो, हे विचारलं नाही.
खाली-वर सरकवून पाहिलं. रकानाच नव्हता.
आमच्याकडे चौथ्या दिवशी, कधी पाचव्या,
रात्री दोनला, नाहीतर पहाटे,
नाहीतर लाइन फुटली म्हणून उद्या.
हे गल्लीत एकालाच ठाऊक:
चावीवाला मैनोद्दीन,
सायकलच्या दांडीला ती लांब चावी बांधून फिरणारा.
तो मिस कॉल देतो बारा घरांना
आणि बारा घरांत दिवे लागतात.
आधी पिंप, मग हंडे, मग टाकी,
टाकी भरून उरलं तर गवत.
मी बाईंचं घर तेरावं केलं.
हे माहितीपुस्तकात नव्हतं.

मग यंत्र म्हणालं, झोनना नावं द्या.
लोक समोरचा, मागचा असं लिहितात.
बाई पदराला हात पुसत आल्या.
पहिल्याला म्हणाल्या, गुरु लिही.
दुसऱ्याला महादेवी, ती हुबळीला दिलेली.
तिसऱ्याला वेळ लागला. मग 'ह्यांचं'.
नुसतं 'ह्यांचं'.
चौथा कुंपणाशी, दोन बाय सहा, तिथे गवत नको म्हणाल्या.
'त्याला मैनोद्दीन लिही. तो नाही तर काही नाही.'

नोझल टक टक टक पुढे जातं, मग खर्रकन मागे.
चाचणीला वडील आले होते, जन्म चादरीच्या मागावर गेलेला.
तेलुगूत म्हणाले, धोटा आहे हा. गेला की येतोच.
आणि चहा मागितला.

तेव्हापासून डॅलसमध्ये, भर मीटिंगमध्ये खिसा थरथरतो:
गुरुला आठ मिनिटं पाणी दिलं.
महादेवीची ओल कमी आहे.
उद्या पावसाची शक्यता, ह्यांचं पाणी रद्द.
(पाऊस आला नाही. बाईंनी तांब्यानं घातलं.)

महिन्याभरानं मुलाचा फोन आला.
वाटलं, नावं बदल म्हणणार.
बराच वेळ तो काही बोललाच नाही.
मग म्हणाला, 'चौथ्यात गवत दिसत नाही कॅमेऱ्यात.'
अंबाडी आहे, म्हटलं. कडेनं मेथी,
आणि मिरचीची सात रोपं,
मैनोद्दीनच्या बायकोनं दिलेली.
'तिथे पाणी जास्त जातंय, असं दाखवतंय.'
जातं, म्हटलं. बाई तिथेच बसतात संध्याकाळी.

परवा काटा बदलायला गेलो. गंजला होता.
उपटला, तसा मोबाइल वाजला.
'काय म्हणतंय?' बाईंनी विचारलं.
वाचून दाखवलं: गुरुची माती कळत नाही.
'मग खुपस की लवकर,' कन्नडमध्ये म्हणाल्या
आणि कुंपणाशी जाऊन
मैनोद्दीनसाठी मेथीची जुडी बांधायला लागल्या.
पाचवा दिवस होता.